सुटणारा डोंगर
जुन्नर-आंबेगावची जमीन, भूकंप आणि दरडी

भूकंपाचा धक्का मोजक्या सेकंदांत ओसरतो. त्याच्यामागून येणारी संकटे मात्र तासन्‌तास, महिनोन्‌महिने, कधी कधी पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतात. घरे पडतात, डोंगरकडे सुटतात, जमिनीला भेगा जातात, पाण्याने भरलेली वाळू पातळ होऊन वरची इमारत खचते, धरणाच्या भरावाला तडे जातात, वस्तीत आग लागते, किनाऱ्यावर त्सुनामी येते. यांपैकी कोणते संकट कुठे उभे राहील हे धक्क्याच्या जोरावर जितके ठरते, तितकेच त्या जागेच्या जमिनीवर ठरते. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांना समुद्र नाही, म्हणून त्सुनामीची भीती नाही. पण घाटमाथ्याचे उभे उतार आहेत, त्या उतारांना बिलगलेल्या वाड्या आहेत, खोऱ्याखोऱ्यांत धरणे आहेत, नदीकाठी खोल गाळ आहे आणि गावठाणांत दगडमातीच्या भिंती अजून उभ्या आहेत. इथला भूकंपाचा प्रश्न आधी उताराचा आहे आणि मग भिंतीचा. या तालुक्यांतली आजवरची सर्वात मोठी भू-आपत्ती, मालीण गावावर सुटलेली दरड, भूकंपाने घडली नाही. पण डोंगर सुटतो तेव्हा काय होते हे याच आपत्तीने सर्वांत स्पष्ट दाखवले.

दोन्ही तालुके पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जातात. पश्चिमेला सह्याद्रीची धार आहे. जुन्नरच्या बाजूला नाणेघाट आणि माळशेज, आंबेगावच्या बाजूला भीमाशंकरचे डोंगर. तिथून कुकडी, मीना आणि घोड या नद्या पूर्वेला वाहत जातात. भीमाशंकरकडे पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजला जातो, तर मंचर-नारायणगावच्या पलीकडे तोच काही शेकड्यांवर येतो. पश्चिमेकडे भातखाचरे, नाचणी, वरई आणि हिरड्याची झाडे, तर पूर्वेकडे ऊस, कांदा, टोमॅटो. संकटाचे रूपही याच रेषेवर बदलते. पश्चिमेला उतार घात करतात, तर पूर्वेला गाळाची जमीन आणि दाट वस्ती.

पायाखालचा खडक सगळीकडे एकच, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. शिवनेरीचे कडे, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा लेणी यांच्या उभ्या भिंतींत हे थर उघडे दिसतात. पण हे थर एकसारखे नाहीत. एखादा थर घट्ट, काळा आणि उभ्या सांध्यांनी चिरलेला, तर त्याखालचा सच्छिद्र आणि लवकर कुजणारा. दोन थरांच्या मधे काही ठिकाणी लाल मातीचा पातळ पट्टा असतो. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून मुरूम आणि मातीचा उतार होतो. पाणी वरच्या चिरांतून आत शिरते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि आडवे वाहत उताराच्या पोटातून बाहेर पडते. पावसाळ्यात डोंगराच्या कुशीत उपळ फुटतात ते यामुळेच. सह्याद्रीतली बहुतेक वस्ती कड्याच्या खाली आणि ओढ्याच्या वर असलेल्या या मुरमाच्या उतारावरच आहे, कारण तिथे पाणी आहे, माती आहे आणि घर बांधण्यापुरती सपाटी करता येते. वस्तीसाठी जागा सोयीची ठरते ज्या गुणांमुळे, त्याच गुणांमुळे ती सरकूही शकते.

भूकंप या बेसाल्टमध्ये जन्मत नाहीत. बेसाल्ट हे वरचे पांघरूण आहे आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुने ग्रॅनाइट व नाइस खडक आहेत. कोयना परिसरात संशोधनासाठी घेतलेल्या विंधनविवरांत बेसाल्टची जाडी सुमारे ९३० मीटर भरली. १९९३च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या किल्लारीत ती साडेतीनशे मीटरच्या आत निघाली. त्याखालच्या प्राचीन खडकांत जुन्या भंगरेषा आणि कमकुवत पट्टे आहेत. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत आशियाला भिडतो. त्याचा बहुतेक ताण हिमालयात मोकळा होतो, पण काही वाटा पठाराच्या पोटातही साचत राहतो. जिथे जुना पट्टा तो ताण सोसू शकत नाही, तिथे खडक घसरतो. हे क्वचित घडते, म्हणूनच पठारावरच्या माणसाला त्याची सवय नसते. दख्खनचे पठार स्थिर आहे, इथे भूकंप होत नाहीत, ही समजूत विसाव्या शतकात दोनदा खोटी ठरली.

पहिली वेळ ११ डिसेंबर १९६७ची. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली, जमिनीला भेगा गेल्या आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या भिंतीलाही तडे गेले. धरण टिकले आणि नंतर ते मजबूत करण्यात आले. १९६२ पासून जलाशय भरू लागल्यावर त्या परिसरात लहान धक्के सुरू झाले होते. जलाशयाशी निगडित भूकंपांत कोयनेचा हा भूकंप जगातला सर्वात मोठा मानला जातो. अशा ठिकाणी पाण्याचे वजन खालच्या खडकावर पडते हे एक कारण. दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे, पाणी चिरांतून खोल झिरपते, भंगरेषेतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना धरून ठेवणारे घर्षण कमी होते. ताण आधीचाच असतो, पाणी फक्त त्याला वाट करून देते. पुढे वारणा जलाशय भरल्यावर धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे पसरले. कऱ्हाडजवळ केंद्र सरकारची भूभौतिक संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली आणि तीन किलोमीटर खोलीचे विवर घेऊन भूकंप जिथे जन्मतो त्या खडकाच्या जवळ जाण्याचे काम सुरू झाले.

कोयनानगर आणि जुन्नर यांच्यात हवाई अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. भूकंपाच्या पहिल्या, कमी घातक लहरी सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावतात, म्हणजे कोयनेचा धक्का जुन्नरला अर्ध्या मिनिटात पोचतो. इमारती हलवणाऱ्या दुसऱ्या लहरी त्यानंतर आणखी वीस-पंचवीस सेकंदांनी येतात. एवढ्या अंतरावर त्यांचा जोर बराच ओसरलेला असतो. भांडी वाजतात, झोपलेली माणसे उठतात, पण भक्कम भिंत पडत नाही. तेव्हा कोयना किंवा सुमारे तीनशे किलोमीटरवरची किल्लारी हे या तालुक्यांचे थेट संकट नाही. काळजी करायची ती जवळ उगम पावणाऱ्या मध्यम धक्क्याची. २००२च्या भारतीय मानकातल्या भूकंपप्रवण विभागांच्या नकाशात पुणे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात येते, तर कोयना परिसर चौथ्या विभागात. तिसरा विभाग म्हणजे निर्धास्त राहण्याची मुभा नव्हे. १९९३ पूर्वीच्या नकाशात किल्लारी सर्वात कमी धोक्याच्या विभागात होती, हे विसरण्याजोगे नाही.

कोयनेवरून एक शंका दोन्ही तालुक्यांत वारंवार निघते ती धरणांची. कुकडी प्रकल्पात पाच धरणे आहेत. जुन्नर तालुक्यात पिंपळगाव जोगे, माणिकडोह, वडज आणि येडगाव, तर आंबेगावात घोड नदीवर डिंभे. या धरणांनी कोयनेसारखे भूकंप होतील का? कोयनेची साठवण १०५ टीएमसी, तर डिंभेची साडेतेरा टीएमसीच्या आसपास. कोयना धरण १०३ मीटर उंच, डिंभे सुमारे ६७ मीटर. पाणी जितके खोल आणि जितके जास्त, तितकी शक्यता वाढते. पण मुख्य अट खालच्या खडकातल्या भंगरेषेची आहे, आणि जगात हजारो मोठी धरणे असूनही अशा भूकंपांची ठिकाणे शंभरावर थोडीच आहेत. डिंभे किंवा माणिकडोह भरल्यानंतर कोयनेसारखी धक्क्यांची मालिका सुरू झालेली नाही. माळशेजच्या पलीकडे, ठाणे जिल्ह्यातल्या भातसा धरणाच्या परिसरात मात्र १९८३ मध्ये जलाशय भरताना धक्के जाणवले होते, आणि पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागात २०१८च्या नोव्हेंबरपासून लहान धक्क्यांची लांबलचक मालिका चालली. त्यामुळे धरणांच्या परिसरात भूकंपमापक ठेवणे आणि त्यांच्या नोंदी नियमित तपासणे हे या खोऱ्यांत चैनीचे काम नाही.

दुसरी वेळ किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतर गावे गाढ झोपलेली असताना, ६.२ तीव्रतेचा भूकंप लातूर-उस्मानाबाद सीमेवर झाला. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. बावन्न गावे जमीनदोस्त झाली. धक्का मध्यम होता, पण उथळ होता आणि घरे त्याला तोंड देण्याजोगी नव्हती. तिथली भिंत नीट पाहण्यासारखी आहे. दीड ते तीन फूट जाडीच्या भिंतीला बाहेरून एक आणि आतून एक असे दगडांचे दोन पदर, मधे मातीत बसवलेले लहान दगड आणि कपच्या. दोन्ही पदरांना एकत्र बांधणारा आरपार दगड क्वचितच. वर लाकडी माळवद आणि त्यावर पाऊस व ऊन अडवण्यासाठी वर्षानुवर्षे चढवलेली मातीची जाड थप्पी. धक्का बसला की भिंतीचे पदर एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा बाहेर आणि आतला आत कोसळतो. मग सगळी माती खाली झोपलेल्यांवर येते. खांब आणि तुळया असलेली अनेक घरे लाकडाच्या सांगाड्यामुळे काही अंशी उभी राहिली, पण दगडांच्या भिंती त्यांच्याभोवतीही ढासळल्या. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हा समज किल्लारीने मोडून काढला. भिंतीची जाडी माणसाला वाचवत नाही, तिचे पदर एकमेकांना किती बांधले आहेत यावर तिचे बळ ठरते.

जुन्नर आणि आंबेगावातल्या घरांकडे या नजरेने पाहिले की धोका गावागणिक वेगळा दिसतो. घोडेगाव, जुन्नर, मंचर, ओतूर यांच्या जुन्या गावठाणांत दगड-विटांच्या, मातीत बांधलेल्या भिंतींचे वाडे आहेत. लाकडी सांगाडा शाबूत असेल तर ते झुलून तग धरतात, पण कुजलेल्या खांबांवर, भर घातलेल्या पोटमाळ्यांवर आणि नंतर काढलेल्या भिंतींवर भरवसा ठेवता येत नाही. पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांत कारवीच्या कुडाची, मातीने सारवलेली कौलारू घरे असत. ती हलकी असतात आणि धक्क्यात वाकतात. पडली तरी अंगावर कमी वजन येते. मात्र डोंगरावरून येणाऱ्या चिखलापुढे कूड काय आणि पक्की भिंत काय, दोन्ही टिकत नाहीत. नारायणगाव-मंचरसारख्या बाजारगावांत आता काँक्रीटच्या बहुमजली इमारती उठल्या आहेत. तळमजल्यावर दुकाने किंवा वाहनतळ, म्हणजे भिंती कमी आणि फक्त खांब, आणि वर घरांचे जड मजले, अशी रचना धक्क्यात तळमजल्यातूनच मोडते. २६ जानेवारी २००१च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती अशाच कोसळल्या. कुकडीकाठी तर आणखी एक बाब. बोरी येथे नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीय राखेचा थर सापडला आहे आणि त्याचा संबंध सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीशी जोडला जातो. या भागातला गाळ किती खोल आणि किती जुना आहे याची ही साक्ष. कातळावरच्या घरापेक्षा अशा गाळावरचे घर त्याच धक्क्यात अधिक हलते. पूर्वेकडच्या नव्या इमारतींच्या पायाची पाहणी या दृष्टीने व्हायला हवी.

आता उताराकडे. भूकंपाने दरडी पडायला फार मोठा धक्का लागत नाही. अमेरिकी भूवैज्ञानिक डेव्हिड कीफर यांनी १९८४ मध्ये जगभरच्या नोंदींवरून दाखवले की चारच्या आसपास तीव्रतेच्या धक्क्यानेही सैल दगड सुटतात. तीव्रता वाढते तसे दरडींचे क्षेत्र विस्तारते. तीव्रतेच्या एका पायरीमागे सुटणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते, हे इथे लक्षात घ्यावे लागते. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने लांगटांगचे गाव बर्फ आणि दगडांच्या लोटाखाली गाडले गेले. ८ ऑक्टोबर २००५च्या काश्मीर भूकंपात तर हत्तियान बाला येथे डोंगराचा मोठा भाग एका झटक्यात खोऱ्यात उतरला. सह्याद्रीत एवढे मोठे भूकंप अपेक्षित नाहीत, पण सह्याद्रीचे कडे उभे आणि चिरलेले आहेत, आणि तिथे पावसाळ्यात दरडी पडायला भूकंपाचीही गरज लागत नाही.

मालीण घोड नदीच्या खोऱ्यात, डिंभे जलाशयाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले महादेव कोळी समाजाचे गाव होते. जुलैची आवणी, म्हणजे भातलावणी, सुरू असताना आदल्या दिवशी आणि रात्री मुसळधार पाऊस झाला. ३० जुलै २०१४च्या सकाळी गावावरचा डोंगर सुटला. माती, मुरूम, दगड आणि पाणी यांचा चिखल उतारावरून खाली आला आणि चाळीसहून अधिक घरे त्याखाली गेली. सकाळी नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके आली, पण अरुंद रस्ता, सतत पाऊस आणि पुन्हा दरड सुटण्याची भीती यांमुळे काम सावकाश चालले. शोध आठवडाभर चालला आणि मृतांचा आकडा १५१ वर थांबला. जिल्हा परिषदेची शाळा चिखलाच्या वाटेपासून बाजूला असल्याने वाचली.

त्या डोंगरात काय घडले ते समजून घ्यायला उताराचा उभा छेद डोळ्यांपुढे आणावा. खाली बेसाल्टचा कातळ, त्यावर काही मीटर जाडीचा कुजलेला खडक आणि माती, वर गवत आणि खाचरे. कोरड्या दिवसांत माती आणि मुरमाचे कण एकमेकांना टेकून असतात, त्यांच्यामधल्या घर्षणावर उतार उभा असतो. संततधारेत पाणी मातीच्या पोकळ्या भरते. कातळावर अडलेले पाणी खालून दाब देऊ लागते आणि कणांना एकमेकांपासून उचलून धरते. वजन वाढलेले, घर्षण कमी झालेले. एका क्षणी उताराचे ओझे घर्षणापेक्षा जड होते आणि वरचा थर सुटतो. सुटलेली माती पाण्याने इतकी माखलेली असते की ती दगडासारखी गडगडत नाही, घट्ट चिखलासारखी वाहते, म्हणून सपाटीवर पोचल्यावरही लगेच थांबत नाही. भूकंप नेमके हेच घर्षण क्षणभर मोडतो, फक्त खालून हलवून. कारणे दोन, उतार एकच. म्हणूनच मालीणचा अभ्यास हा भूकंपाच्या अभ्यासाचाही भाग आहे.

त्या उतारावर माणसाचा हात किती होता, यावर मालीणनंतर बराच वाद झाला. या भागात पडकई ही जुनी पद्धत आहे. डोंगरउतारावर दगडांचे बांध घालून, माती सरकवून भाताची लहान खाचरे बनवायची आणि ते काम गावाने एकमेकांच्या मदतीने करायचे. पुढे ती शासकीय योजनांतही आली. हाताने, दगडाचा बांध रचून, पाण्याला वाट ठेवून केलेली पडकई उतार धरून ठेवते. यंत्राने डोंगराला मोठा काप देऊन, मोकळी माती खाली लोटून केलेली सपाटी मात्र पाणी मुरण्याची जागा वाढवते आणि उताराचा पायथा कमजोर करते. दोन्हींना एकच नाव देऊन पडकईला दोषी ठरवणे चूक, तसेच यंत्राच्या कामावर पांघरूण घालणेही चूक. झाडी कमी होणे, रस्त्यासाठी डोंगर कापणे, ओढ्यांची वाट अडणे यांनीही उतार दुबळा होतो. पण मालीणच्या सकाळी डोंगर सुटायला शेवटचे कारण पाऊसच होता, भूकंप नाही.

ओला उतार आणि भूकंप हे दोन्ही एकाच वेळी आले तर काय होते, याचे उदाहरण जपानमध्ये आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी होक्काइडो बेटावर ६.६ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्या जेमतेम एक-दोन दिवस आधी चक्रीवादळ पाऊस घेऊन बेटाजवळून गेले होते. ज्वालामुखीय राख आणि प्युमिसच्या थरांचे अत्सुमा परिसरातले उतार हजारो ठिकाणी सुटले. त्या भूकंपात चाळीसच्या वर माणसे गेली, त्यांतली बहुतेक दरडींखाली. कोयनेचा भूकंप डिसेंबरात, कोरड्या डोंगरांवर झाला होता. त्याच ताकदीचा धक्का जुलैत, आवणीच्या दिवसांत, पाणी प्यायलेल्या सह्याद्रीवर बसला असता तर हानीचे चित्र फार वेगळे असते. भूकंप महिना पाहून येत नाही, पण उतार महिन्यागणिक बदलतो, हे धोक्याच्या नकाशात कुठे तरी नोंदवले जायला हवे.

धरणांच्या बाजूने विचार केला तर धोका दोन वाटांनी येतो. एक, भरावाला धक्का. भुजच्या भूकंपात कच्छमधली चांगसारखी अनेक मातीची धरणे खचली आणि त्यांना लांबलचक तडे गेले. त्या वर्षी दुष्काळामुळे जलाशय जवळजवळ रिकामे होते, म्हणून खाली पूर आला नाही. भरलेल्या धरणांत तेच झाले असते तर आज कच्छची गोष्ट वेगळी सांगावी लागली असती. कुकडी प्रकल्पात मातीची धरणे आहेत, आणि पुणे जिल्ह्याला १२ जुलै १९६१ च्या पानशेतने मातीचे धरण फुटणे म्हणजे काय हे एकदा दाखवले आहे. दुसरी वाट, जलाशयात पडणारी दरड. इटलीत ९ ऑक्टोबर १९६३ रोजी वायोन्त धरणाच्या जलाशयात डोंगराचा कडा उतरला, धरण मोडले नाही, पण त्यावरून उसळलेल्या लाटेत सुमारे दोन हजार माणसे वाहून गेली. डिंभे आणि माणिकडोहच्या काठांचे उतार त्या मानाने लहान आहेत, तरीही जलाशयाच्या पाण्याची पातळी झपाट्याने खाली आणताना काठच्या ओल्या उतारांवर ताण वाढतो. पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरवताना काठच्या वाड्यांचा विचार म्हणूनच करावा लागतो.

रस्ते हा आणखी एक दुवा. जुन्नरहून कल्याणकडे जाणारा माळशेज घाट पावसाळ्यात दरडींनी बंद पडतो, हे सर्वांना माहीत आहे. भूकंपात तो एकदम अनेक ठिकाणी बंद पडू शकतो, आणि तेव्हा जुन्नरच्या पश्चिम भागाची मदत पूर्वेकडूनच, नारायणगावमार्गे यावी लागेल. आंबेगावच्या पश्चिमेलाही तसेच, मंचर-घोडेगाव-डिंभे हा एकच मुख्य धागा आहे. मालीणच्या वेळी जेसीबी आणि रुग्णवाहिका याच अरुंद वाटेने गेल्या. आपत्तीचे पहिले बारा तास गावातलीच माणसे हाताने माती उपसत असतात, आणि गावाजवळ फावडी, पहारी, दोर, बॅटऱ्या आणि स्ट्रेचर असणे हे बाहेरून येणाऱ्या पथकाइतकेच महत्त्वाचे आहे.

मालीणनंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या पाहणीत पुणे जिल्ह्यातली वीसहून अधिक गावे दरडप्रवण ठरली. त्यांत आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम भागातल्या वाड्याही होत्या. यादी तयार झाली, पुनर्वसनाची कामे सुरू झाली, पण यादीवरच सगळी भिस्त ठेवायची नाही, हे महाराष्ट्राने नंतर पुन्हा अनुभवले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली, आणि ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ३० जुलै २०२४ रोजी, मालीणला बरोबर दहा वर्षे होत असताना, केरळात वायनाडच्या मुंडक्कई-चूरलमलावर डोंगर आला. यादी ही सुरुवातीची पायरी आहे, तिच्यात नसलेली वाडी सुरक्षित आहे असा तिचा अर्थ होत नाही.

पुनर्वसनाची जागा निवडताना हेच ज्ञान कसाला लागते. नवे मालीण जुन्या गावापासून जवळ, आमडे गावाच्या जमिनीवर उभे राहिले. साठहून अधिक भूकंपरोधक घरे, शाळा आणि इतर सोयींसह ते २ एप्रिल २०१७ रोजी लोकांच्या ताब्यात गेले. त्याच वर्षी जूनच्या पहिल्या जोरदार पावसात नव्या वसाहतीतल्या भरावाची माती खचली, रस्त्यांना तडे गेले आणि माणसे पुन्हा धास्तावली. भिंत भूकंपरोधक आणि तिच्याखालचा भराव कच्चा, असा हा विरोध होता. डोंगरात सपाटी करायची तर एका बाजूला काप आणि दुसऱ्या बाजूला भराव येतोच. भराव थरांथरांत दाबला नाही, पाण्याला गटारांतून वाट दिली नाही आणि एक-दोन पावसाळे जाऊ दिले नाहीत, तर घर कितीही चांगले बांधले तरी ते खाली सरकणाऱ्या जमिनीसोबत हलते.

डोंगर सुटण्याआधी तो सांगतो, आणि वाडीतल्या जाणत्या माणसांना त्या खुणा नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. उताराच्या माथ्यावर अर्धगोल भेग पडते. सरळ वाढलेली झाडे, विजेचे खांब खालच्या बाजूला कलतात. घराच्या जोत्याला तिरका तडा जातो, दार चौकटीत अडकू लागते. जिथे कधी पाणी नव्हते तिथे उपळ फुटतो, किंवा वर्षानुवर्षे वाहणारा झरा अचानक गढूळ होतो वा आटतो. ओढा जोराच्या पावसातही एकाएकी रोडावला तर वरती कुठे तरी माती अडली आहे असा त्याचा अर्थ, आणि ते अडलेले पाणी पुढे लोट होऊन येऊ शकते. यांपैकी एकही खूण दिसली तर त्या रात्री उताराखालचे घर सोडून जाणे, जनावरे दावणीतून सोडणे आणि सरपंच, पोलीस पाटील किंवा तलाठ्याला कळवणे एवढेच करायचे असते. खुणा न देता येणारी दरडही असते, विशेषतः भूकंपाची. त्यासाठी पळण्याची वाट आधीपासून ठरलेली असावी लागते. दरडीत खाली, ओढ्याच्या दिशेने पळू नये, आडवे पळून चिखलाच्या वाटेतून बाजूला व्हावे.

हलक्या भूकंपानंतर घरे शाबूत राहिली की लोक निश्चिंत होतात. डोंगराची पाहणी मात्र त्यानंतरच करायची असते. कोरड्या दिवसांत धक्का बसला तर माथ्यावर बारीक भेगा पडतात आणि त्या गवतात दिसत नाहीत. सात-आठ महिन्यांनी मृगाचा पाऊस त्याच भेगांतून थेट आत उतरतो. धक्क्यानंतर कोतवाल, ग्रामसेवक आणि गावातल्या गुराख्यांनी माथ्यावर जाऊन उतार पायी चालून पाहावा. भेग सापडली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकावी, मधले अंतर टेपने मोजून तारखेसह वहीत लिहावे आणि दर आठवड्याला पुन्हा मोजावे. अंतर वाढत असेल तर भूवैज्ञानिकांना बोलवावे. ते येईपर्यंत भेग चिकण मातीने बुजवावी, वरून येणारे पाणी चर खोदून दुसऱ्या ओढ्याकडे वळवावे आणि पायथ्याची कापणी थांबवावी. भेग रुंदावत राहिली, तर त्या उताराखालची घरे जून उजाडण्याआधी रिकामी करावीत.